शनिवारची जुळवणी

तिला सगळे अळीमावशी म्हणत. या नावात प्रेम किती आणि चेष्टा किती, याचा तिने कधी शोध घेतला नाही. नगरपालिकेच्या डास-विभागात तिची चोवीस वर्षं झाली होती. काम सांगायला सोपं होतं. रोज सकाळी पन्नास घरं हिंडायची, जिथे पाणी साठलेलं दिसेल तिथे लांब दांड्याचा डाव बुडवायचा, पाणी पांढऱ्या वाडग्यात ओतायचं, टॉर्च मारायचा आणि वाडग्यात काय वळवळतंय ते तक्त्यात लिहायचं. कुठल्या जातीच्या डासाची अळी, हे ओळखणं हा या कामातला खरा भाग. बाकी सगळी पायपीट.

लोक तिच्याशी सर्रास खोटं बोलत. न्हाणीघरात चार बादल्या तुडुंब भरलेल्या असताना दारात उभं राहून म्हणत, आमच्याकडे पाणी साठतच नाही हो. ती वाद घालत नसे. चप्पल काढून सरळ फ्रिजच्या मागे जाऊन खालचा ट्रे ओढायची. त्या घरातल्या बाईला आपल्या फ्रिजला असा ट्रे असतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळायचं. पाहुणी म्हणून कुणाकडे गेली तरी बसायच्या आधी तिची नजर फुलदाणीकडे जाई, आणि तिचा नवरा, जो घड्याळं दुरुस्त करायचा आणि मुळात शांत माणूस होता, तिच्या कोपराला हळूच हात लावून तिला खाली बसवायचा. त्याच्याच दुकानातलं एक भिंग तिने कधीतरी मागून घेतलं होतं, ते परत द्यायचं दोघांनीही मनावर घेतलं नाही.

आता अळ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. विभागाच्या दृष्टीने शहरात डास दोन. एक पट्टेरी, पायांवर पांढरे पट्टे असलेला, डेंगीचा ताप पसरवणारा. दुसरा भुरा, जो चावतो, झोपमोड करतो, पण या तापाशी त्याचा संबंध नाही. पट्टेऱ्याची अळी पाण्यात सापासारखी वळवळत पोहते, टॉर्चचा उजेड पडला की तळाला पळते, आणि तिची श्वास घ्यायची नळी आखूड असते. भुऱ्याच्या अळीची नळी लांब, आणि ती पाण्याच्या वरच्या थराला तिरकी लटकून राहते. आणि विभागात एक हिरव्या कव्हरची पुस्तिका होती, तिच्यात छापलेलं होतं की पट्टेरी डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि भुरा घाण पाण्यात. हे वाक्य म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते वाक्य पुस्तिकेत आधी आलं की डास आधी आले, असा प्रश्न विभागात कुणालाही पडला नव्हता.

मावशीला मात्र नोकरीच्या पहिल्याच वर्षी पडला होता. एका चाळीमागच्या गटाराच्या खड्ड्यात तिला पट्टेऱ्याच्या अळ्या दिसल्या, आणि तिने सरळ मनाने तसं लिहिलं: पाणी घाण, अळी पट्टेरी. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. ओरडले नाहीत. पुस्तिका उघडली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले की एक तर पाणी ओळखण्यात चूक झालीय किंवा अळी ओळखण्यात, कुठली ते तुमचं तुम्ही बघा आणि तेवढं दुरुस्त करा. तिने पाणी दुरुस्त केलं. घाण खोडून स्वच्छ लिहिलं. नवीन नोकरी, साहेब एवढे शिकलेले, आणि बोट ठेवलेली ओळ छापील. तुम्ही आम्ही असतो तर वेगळं काय केलं असतं, हे छातीवर हात ठेवून सांगणं अवघड आहे.

पुढे त्याची पद्धतच पडली. दर शनिवारी दुपारी विभागातल्या सहा जणी लांब टेबलाभोवती बसत, चहा येई, आणि आठवड्याचे कच्चे तक्ते पक्क्या कागदावर उतरवले जात. ज्या ओळीत पाणी आणि अळी एकमेकांशी जुळत नसतील ती ओळ जुळवून घ्यायची. याला जुळवणी म्हणत. उतरवून झालं की कच्चे कागद केराच्या टोपलीत. यात आपण खोटं काही करतोय असं एकीच्याही मनात नव्हतं. उशीच्या अभ्र्याचा कोपरा बाहेर आला असेल तर आपण तो आत सारतो, तेवढंच. मावशीची जुळवणी सगळ्यांत नेटकी, अक्षर सुरेख, खाडाखोड नाही. नव्या मुलींना तिच्या शेजारी बसवत असत.

हे सगळं असंच चालून ती सुखाने निवृत्त झाली असती. पण तिच्या नणंदेच्या गल्लीत ताप आला.

नणंद तिच्याहून सात वर्षांनी मोठी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर कानाला यंत्र लावून बसलेली, त्यामुळे बोलण्यापेक्षा ऐकण्याची सवय जास्त, आणि एकच प्रश्न दोनदा विचारायची नाही. मावशी तिला वन्सं म्हणे आणि थोडी वचकून असे. वन्संबरोबर त्यांची मुलगी राहत होती. जावई बोटीवर नोकरीला, आठ-आठ महिने समुद्रात. या भाचीला मागच्या वर्षी डेंगी होऊन गेला होता. नऊ दिवस दवाखान्यात होती आणि मावशी रोज डबा घेऊन जायची. आता तिला सहावा महिना होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा ताप दुसऱ्यांदा आला तर पहिल्यासारखा सोपा जाणार नाही, आणि या अवस्थेत तर येऊच देऊ नका. जसं काही तापाला दारात अडवता येतं. पण डास अडवता येतो, आणि डास अडवण्याचं काम घरातच एकीला येत होतं. वन्संनी तिला बोलावलं.

मावशी आली ती पुस्तिका कोळून प्यायलेली. गच्चीवर वन्संच्या एकेचाळीस कुंड्या होत्या. प्रत्येक कुंडीखाली बशी, प्रत्येक बशीत पाणी, स्वच्छ. मावशीने डाव घातला, दोन बशांत अळ्या निघाल्या. झालं. सगळ्या कुंड्या जायला हव्यात, पाण्याचं पिंप जायला हवं, ती म्हणाली, आणि गल्लीतल्या बावीस घरांनाही तिने हेच सांगितलं. वन्संनी विचारलं, बशाच काढल्या तर चालणार नाही का. मावशी म्हणाली, जोखीम कशाला घ्यायची. वन्संनी पुन्हा विचारलं नाही. दोन दिवसांत त्यांनी एकेचाळीस कुंड्या लोकांना वाटून टाकल्या. त्यातली काही झाडं अठरा-वीस वर्षांची होती. गच्ची मोकळी झाली, आणि मावशीने तक्त्यात लिहिलं: धोका दूर.

तीन आठवड्यांत गल्लीत अकरा घरांत ताप होता.

मावशी पुन्हा घरोघर फिरली. काय बघायचं राहिलं? फुलदाण्या पालथ्या, पिंपं कोरडी, फ्रिजचे ट्रे पुसलेले. एवढी आज्ञाधारक गल्ली तिने चोवीस वर्षांत पाहिली नव्हती. तरी संध्याकाळी दारात उभं राहिलं की पायाला पट्टेरी डास चावत होता, आणि तो आकाशातून पडत नसणार. भाची दिवसभर मच्छरदाणीत बसून होती. जाळीच्या आतून मामीकडे बघून हसायची, आणि ते हसणं मावशीला सोसायचं नाही.

वन्संना आता गच्चीवर पाणी घालायचं काम उरलं नव्हतं. त्या दुपारी तिथे नुसत्या खुर्ची टाकून बसत. एके दिवशी त्यांनी भावजयीला वर बोलावलं आणि घराच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे सेप्टिक टाकी होती. तिचा वास वर सोडणारा उभा पाइप भिंतीला लागून गच्चीपर्यंत आला होता. त्याच्या तोंडातून डास निघतात, वन्संनी सांगितलं. एक-एक करून, दुपारी तीन-साडेतीननंतर. पायांवर पट्टे आहेत.

मावशी हसली. ते भुरे असणार, ती म्हणाली, टाकीत दुसरं काय होणार. पट्टेरी मैल्याच्या पाण्याकडे फिरकतसुद्धा नाही, पुस्तकात स्पष्ट आहे.

“वहिनी,” वन्सं म्हणाल्या, “या घरात तुझं पुस्तक राहतं की मी राहते?”

एवढं बोलून त्या खाली गेल्या. मावशी पाइपापाशी उभी राहिली. तीन वाजून चाळीस मिनिटांनी पाइपातून एक डास बाहेर आला आणि तिच्याच मनगटावर बसला. तिने तो मारला नाही. भिंग काढलं. पायांवर पांढरे पट्टे होते, एकदम ठसठशीत. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा की हा कुठूनतरी उडत येऊन पाइपात शिरला असेल आणि आता बाहेर पडला असेल. दुसरा विचार असा की आपला चष्मा जुना झालाय.

ती खरंच चष्म्याच्या दुकानात गेली. नंबर तपासून घेतला. नंबर होता तोच होता, काही बदल नाही, दुकानदार अभिनंदन केल्यासारखं म्हणाला. हे ऐकून तिला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने टाकीचं झाकण उघडलं. नाकाला रुमाल बांधला तरी वास डोळ्यांत जात होता. डाव घातला, वाडग्यात ओतलं, टॉर्च मारला. अळ्या सापासारख्या वळवळत तळाला पळाल्या. नळ्या आखूड. तिने वाडगा जमिनीवर ठेवला, थोडं चालून आली, पुन्हा बघितलं. वाडग्यात काही बदल झाला नव्हता. इतक्या वर्षांत हजारो वाडगे तिने एका नजरेत वाचले होते, आणि हा एक समोर असून तिला वाचता येईना. पाणी घाण आहे हे तर नाकच सांगत होतं. मग अळी भुरी असायला हवी. अळी भुरी नव्हती. मग पाणी... आणि तिच्या लक्षात आलं की आपण भर उन्हात मैल्याच्या टाकीवर वाकून, हे पाणी तसं स्वच्छच आहे असं मनाला पटवतोय.

तिने ते पाणी काचेच्या बरणीत भरलं, तोंडाला जाळीचं फडकं बांधलं आणि घरी नेऊन खिडकीत ठेवलं. अळ्यांचे कोष झाले. चौथ्या दिवशी सकाळी बरणीत सात डास उडत होते आणि सातही पट्टेरी. नवऱ्याने चहा पिता पिता विचारलं की हे पाळायचे आहेत का. बरणीत आधीचीच अंडी असतील म्हणून तिने दुसरी बरणी उकळून घेतली, पुन्हा टाकी उघडली, पुन्हा भरून आणलं. पुन्हा पट्टेरी. तिसऱ्यांदा शेजारच्या घराच्या टाकीतून आणलं. पट्टेरी.

तरीही तिचा विश्वास बसेना. आपण तीन बरण्या बघितल्या, पुस्तिका लिहिणाऱ्यांनी काहीतरी खूप जास्त बघितलं असणार, असं तिला वाटत होतं. पुस्तिकेची नवी आवृत्ती मागच्याच वर्षी निघाली होती. तिने ती काढून पहिल्या पानापासून वाचायला घेतली. पान एकतीसवर मिळालं. तिथे नव्याने घातलेलं एक वाक्य होतं: या शहराच्या डास-विभागाच्या बावीस वर्षांच्या प्रत्यक्ष नोंदींमध्ये पट्टेरी जातीची अळी घाण पाण्यात एकदाही आढळलेली नाही.

बावीस वर्षं, तिच्या मनात आलं. केवढं काम. कुणी केलं असेल बाई एवढं.

मग तिच्या हातातली पुस्तिका खाली आली. ती बराच वेळ स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती. नवऱ्याने बरं वाटत नाही का विचारलं, तर म्हणाली, मला काही समजत नाहीये.

नवी आवृत्ती ज्या साहेबांनी लिहिली ते विभागाचे सध्याचे कीटकतज्ज्ञ. वय पस्तीसच्या आत, माणूस अदबशीर, मावशीला अहो-जाहो करणारे. तिने तिन्ही बरण्या त्यांच्या टेबलावर मांडल्या. त्यांनी लक्ष देऊन ऐकून घेतलं, भिंगातून बघितलं, पट्टेरीच आहे हेही मान्य केलं. पण जवळपासच्या कुंड्यांतून अळ्या टाकीत पडल्या असतील, असं म्हणाले. त्या गल्लीत एकही कुंडी नाही, मावशी म्हणाली, मीच काढायला लावल्या. मग पावसाचं पाणी झाकणातून गेलं असेल. पाऊस झालेला नाही. साहेबांनी बरण्या एका बाजूला सारल्या. मग म्हणाले की तीन बरण्यांवर काही ठरवता येत नाही. टाक्यांत टाकायचं दाणेदार औषध भांडारातून काढायचं तर वर कारण द्यावं लागतं, आणि वर बसलेले लोक पान एकतीस दाखवतील. एकीकडे तीन बरण्या आणि दुसरीकडे बावीस वर्षं.

“आणि मावशी, ती बावीस वर्षं तुमचीच आहेत,” ते म्हणाले. “तुमच्याच अक्षरातले तक्ते वाचून मी ते वाक्य लिहिलं.” त्यांना हे कौतुकाने म्हणायचं होतं.

मावशीला त्या क्षणी उठून जाता आलं असतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, जुने साहेब वारले होते, बाकीच्या पाच जणींची नावं यात येणार होती. पण तिला जाळीच्या आत बसलेली भाची दिसत होती.

“साहेब, ते तक्ते जुळवलेले आहेत,” ती म्हणाली.

साहेबांना कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, पहिल्या वर्षाच्या गटारापासून शनिवारच्या टेबलापर्यंत सगळं, मधे न थांबता. पुस्तकात जसं होतं तसं आम्ही लिहीत गेलो आणि तुम्ही आम्ही लिहिलेलं पुस्तकात घातलंत, एवढंच झालंय, ती म्हणाली. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चिडले नाहीत, आणि चिडले असते तर तिला जास्त बरं वाटलं असतं. त्यांचा चेहरा, जिना उतरताना आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा झाला होता.

“कुठले जुळवलेले?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती म्हणाली, बघून सांगते. साहेब म्हणाले की असं मोघम वर कळवलं तर सगळ्या नोंदी रद्द होतील, हातात दोन्ही बाजूंनी काहीच उरणार नाही, आणि नव्याने वर्षभर पाहणी करा असा आदेश येईल. वर्षभर. भाचीला तीन महिने राहिले होते. खोट्या ओळी वेगळ्या काढून दाखवता आल्या तर मात्र काहीतरी करता येईल. त्यांनी तिच्या हातात लाल पेन्सिल दिली आणि नोंदींची खोली उघडून दिली.

खोलीत छतापर्यंत गठ्ठे होते, सुतळीने बांधलेले, वर्षवार. मावशीने स्टूल ओढलं आणि जोरात सुरुवात केली. पहिल्या अर्ध्या तासात तिने वीसेक ओळींवर लाल खूण केली. मग एका ओळीपाशी हात थांबला. पाणी स्वच्छ, अळी पट्टेरी. ही खरी की जुळवलेली? तिला आठवेना. वरची आठवेना, खालची आठवेना. मग आधी केलेल्या वीस खुणा तरी कशावरून केल्या, हेही सांगता येईना. अक्षर सगळीकडे तेच, वळणदार, खाडाखोड नसलेलं. खऱ्या ओळीचं आणि खोट्या ओळीचं अक्षर थोडं तरी वेगळं यायला हवं होतं, असं तिला उगीचच वाटत राहिलं. तिने आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं दारातच पकडलं होतं आणि स्वतःचं तिला समोर धरूनही ओळखू येत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, पुढच्या वर्षांत जुळवायचं तरी काही होतं का? की वाडग्यात बघतानाच तिचे डोळे जुळवून घेत होते? अळीकडे बघायच्या आधी ती पाण्याकडे बघायची आणि मग जे दिसायला हवं तेच तिला दिसायचं, असं तर नव्हतं? याचं उत्तर कुठल्याच गठ्ठ्यात नव्हतं. ती रडली, थोडा वेळ, आणि मग सुतळी बांधून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकोणीस वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्यात तिला वन्संच्या गल्लीचा तक्ता सापडला, तिच्याच अक्षरातला. घर क्रमांकही वन्संचाच. खास आशेने नव्हे, ओळखीचं घर म्हणून तिने ती ओळ वाचली. तक्त्याला पाच रकाने असत: घर क्रमांक, तारीख, पाणी कशात साठलंय, पाणी कसं, अळी कोणती. ओळ अशी होती:

सेप्टिक टाकी. स्वच्छ. पट्टेरी.

तिने ती तीनदा वाचली. सेप्टिक टाकी, पाणी स्वच्छ. एकोणीस वर्षं हा कागद इथे होता, तीन साहेबांनी त्यावर सही केली होती, संगणकात भरला गेला होता, आणि मैल्याच्या टाकीत स्वच्छ पाणी कुठून आलं हे एका माणसाने विचारलं नव्हतं. कारण जुळवणी चौथ्या आणि पाचव्या रकान्याची व्हायची. पुस्तिकेत त्या दोघांबद्दलच वाक्य होतं. तिसऱ्या रकान्याबद्दल पुस्तिका काही बोलत नव्हती, म्हणून तो कुणी जुळवला नाही. तो जसा डोळ्याने पाहिला तसाच राहिला होता. संगणकातही चौथा-पाचवाच भरत असत, तिसऱ्याला जागाच नव्हती.

ती गठ्ठा उचलून साहेबांकडे धावत गेली. चोवीस वर्षांत ती त्या व्हरांड्यात धावली नव्हती. साहेबांनी ओळ वाचली आणि त्यांना हसू फुटलं. मग ते हसू गेलं. मग दोघं खालीच फरशीवर बसले आणि एकेक गठ्ठा सोडायला लागले. गटाराचा खड्डा, स्वच्छ, पट्टेरी. मोरीचा चेंबर, स्वच्छ, पट्टेरी. सेप्टिक टाकी, स्वच्छ, पट्टेरी. तीन दिवसांत तीनशे बारा ओळी निघाल्या, सहाही जणींच्या अक्षरातल्या. काही ओळींत पाणी तसंच घाण ठेवून अळीच भुरी केलेली असणार, त्या आता कधीच सापडणार नव्हत्या. पण तीनशे बारा पुरेशा होत्या. साहेबांनी पत्र लिहिलं, पान एकतीसवरचं वाक्य चुकीचं आहे आणि ते मी लिहिलं आहे असं स्पष्ट नमूद करून. सोमवारी गल्लीतल्या बावीस टाक्यांत औषध पडलं आणि प्रत्येक पाइपाच्या तोंडावर तारेची जाळी बसली. दोन आठवड्यांनी गल्लीत नवा ताप नव्हता. हे औषधाने झालं, जाळीने झालं की ताप ओसरायचाच होता, हे मावशी सांगू शकली नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा तिने तक्त्यावर तसंच लिहिलं.

वन्संना सांगायला ती स्वतः गेली. भाची आता मच्छरदाणीच्या बाहेर, पलंगावर पाय सोडून बसली होती आणि बाळासाठी शिवलेल्या झबल्यांच्या घड्या घालत होती. मावशीने पहिल्यापासून सगळं सांगितलं. मोठे साहेब, शनिवार, चहा, जुळवणी, तीनशे बारा ओळी. बोलता बोलता तिने याच घराच्या ओळीचंही सांगितलं. ते सांगायचं ठरवून आली नव्हती, पण एकदा खरं बोलायला सुरुवात झाल्यावर मधे कुठे थांबायचं ते तिला कळलं नाही.

वन्सं ऐकत होत्या.

“तुला कधी कळलं होतं हे, वहिनी?” शेवटी त्यांनी विचारलं.

“लिहिलं एकोणीस वर्षांपूर्वी,” मावशी म्हणाली. “कळलं कधी, ते खरंच मला सांगता येत नाही, वन्सं.”

भाचीच्या हातातलं झबलं अर्धवट घडीत तसंच राहिलं होतं.

“मामी,” तिने विचारलं, “म्हणजे मागच्या वर्षी तू रोज डबा घेऊन दवाखान्यात यायचीस, तेव्हा ते तुझ्या ऑफिसात लिहिलेलं होतं?”

“हो,” मावशी म्हणाली.

भाचीने घडी पूर्ण केली, झबलं गठ्ठ्यावर ठेवलं आणि दुसरं घेतलं. मावशीने हात पुढे करून एक उचललं, कारण नुसतं बसवेना, आणि जमेल तशी घडी घालून ठेवून दिलं. भाचीने ते उचललं, उलगडलं आणि पुन्हा स्वतः घडी घातली.